रात्र हरवलेली गावे

उपवासाला आपण ज्या साबुदाण्याची खिचडी करतो, तो कसावा नावाच्या कंदापासून बनतो. पश्चिम आफ्रिकेत हाच कंद कोट्यवधी लोकांचे रोजचे पोट भरतो. तो सोलायचा, किसायचा, आंबवायचा, पिळून पाणी काढायचे आणि मग भाजायचा किंवा वाळवायचा, अशी तिथली रीत. नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात उघेली नावाचे शहर आहे. त्याच्या आसपासच्या गावांत उऱ्होबो समाजाच्या बायका कसाव्यापासून ‘गारी’ करतात आणि बाजारात विकतात. मुलूख पावसाळी आणि दमट. नुसत्या उन्हावर गारी वाळवायची तर दिवसच्या दिवस जातात. म्हणून या बायकांनी वर्षानुवर्षे एक वेगळीच सोय वापरली आहे. तेलक्षेत्राच्या आवारात अहोरात्र पेटलेली वायूची प्रचंड ज्योत हेच त्यांचे वाळवण घालण्याचे ठिकाण.

ज्योतीभोवतीच्या मातीच्या बांधावर ओल्या चकत्या मांडायच्या. वाऱ्याने झोत आपल्याकडे वळला की मागे पळायचे, तो फिरला की पुढे होऊन चकत्या उलटायच्या. अंगावर घाम, कानांत घुमणारा आवाज, डोळ्यांची जळजळ. काम मात्र झटपट होते आणि सरपणाचा खर्च वाचतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, चला, वाया जाणाऱ्या आगीचा कुणाला तरी उपयोग होतो आहे. पण या आगीची किंमत त्या बायका वेगळ्या नाण्यात मोजतात. त्यांच्या श्वासातून, कातडीतून आणि झोपेतून ती वसूल होते.

या आगीला तेलउद्योगाच्या भाषेत ‘फ्लेअरिंग’ म्हणतात. तेलाबरोबर जमिनीतून वर येणारा वायू न वापरता जाळून टाकणे, एवढाच त्याचा अर्थ. जागतिक बँकेच्या उपग्रहाधारित मोजणीनुसार २०२४ साली जगभरात असा १५१ अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. २००७ नंतरचा हा सर्वाधिक आकडा आहे. आपला अख्खा देश कारखाने, खते, वीज, वाहने आणि स्वयंपाक मिळून वर्षाला साधारण ७० अब्ज घनमीटर नैसर्गिक वायू वापरतो. म्हणजे भारताच्या दोन वर्षांच्या गरजेहून जास्त वायू जगाने एका वर्षात नुसता पेटवून दिला.

स्वयंपाकघरातला हिशेब करून पाहू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. तेवढी ऊर्जा नैसर्गिक वायूतून मिळवायला ढोबळमानाने १८ घनमीटर वायू लागतो. त्या मापाने १५१ अब्ज घनमीटर म्हणजे ८०० कोटींहून जास्त सिलिंडर. भारतात घरगुती गॅसच्या सुमारे ३३ कोटी जोडण्या आहेत. त्या प्रत्येकीला वर्षभर, महिन्याला दोन सिलिंडर देता येतील, एवढी ही ऊर्जा आहे.

वायू जाळतात तरी कशाला?

सोड्याची बाटली बंद असते तेव्हा आतला वायू दिसत नाही. झाकण उघडले की दाब कमी होतो आणि बुडबुडे फसफसून वर येतात. तेलाच्या विहिरीतही हेच होते. जमिनीखाली हजारो फूट खोलीवर, प्रचंड दाबाखाली कच्च्या तेलात वायू विरघळलेला असतो. तेल वर आले की दाब उतरतो आणि वायू सुटा होतो. यात मुख्यतः मिथेन असतो. सोबत इथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायूही असतात.

तेल टाकीत किंवा जहाजात भरून ठेवता येते. वायू असा साठवता येत नाही. त्याला पाइपलाइन लागते, दाब देणारे कॉम्प्रेसर लागतात, शुद्धीकरणाचा प्रकल्प लागतो आणि पलीकडे विकत घेणारे गिऱ्हाईक लागते. विहिरी विखुरलेल्या असतील, प्रत्येकीतून थोडाथोडाच वायू येत असेल किंवा जवळपास शहर-कारखाना नसेल, तर हा खर्च कंपनीला जड वाटतो. तेल मात्र आजच्या आज विकायचे असते. मग उंच नळी उभारून तिच्या टोकाशी वायू पेटवून देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. प्रत्येक ज्योत वाईट नसते. यंत्रात अचानक दाब वाढला, वीज गेली किंवा काही बिघडले, तर साचलेला वायू सुरक्षितपणे बाहेर काढून जाळावाच लागतो. नाहीतर स्फोट होईल. मुंबईत माहुल-चेंबूर भागात राहणाऱ्यांना तेलशुद्धीकरण कारखान्याच्या धुराड्यावरची ज्योत परिचयाची असते, तिचे मुख्य काम सुरक्षेचे आहे. प्रश्न आहे तो रोजच्या, नेहमीच्या ज्वलनाचा. बिघाड नाही, आणीबाणी नाही, फक्त वायू गोळा करण्याची सोय केलेली नाही, म्हणून वर्षानुवर्षे पेटत ठेवलेली ज्योत. आजचा लेख त्या ज्योतीबद्दल आहे.

ज्योतीतून काय बाहेर पडते?

मिथेन पूर्ण जळाला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. घरातल्या शेगडीची निळी ज्योत साधारण अशीच जळते, कारण तिथे वायू आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळतात. उघड्यावर, वाऱ्यात भडकणाऱ्या दहा-वीस फुटी ज्योतीत हे जमत नाही. वायूत जड घटक जास्त असतील किंवा हवा कमी पडली, तर पिवळी-नारिंगी ज्योत आणि काळा धूर दिसतो. हा धूर म्हणजे काजळी. तिचे कण इतके बारीक असतात की ते फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. अशा कणांचा दमा, हृदयविकार आणि पक्षाघाताशी असलेला संबंध वैद्यकशास्त्रात पक्का झालेला आहे.

काजळीबरोबर नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडतात, वायूत गंधक असेल तर सल्फर डायऑक्साइडही. अर्धवट जळालेले बेंझिन आणि त्याच्या जातकुळीतली अनेक रसायने हवेत मिसळतात. बेंझिनमुळे माणसाला रक्ताचा कर्करोग होतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे शिक्कामोर्तब आहे.

नायजर डेल्टातले लोक आणखी एक तक्रार सांगतात: घरांचे पत्रे पाहता पाहता गंजतात आणि पन्हाळीचे पाणी पिववत नाही. गंधक आणि नायट्रोजनचे ऑक्साइड पावसात मिसळले की आम्लवर्षा होते, हे खरे. पण नायजेरियाच्या वायूत गंधक कमी असते आणि किनाऱ्यावरची खारट, दमट हवाही पत्रे खातेच. त्यामुळे गंजाचा किती दोष ज्योतीला द्यायचा, याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. शिवाय या भागात तेलगळती आहे, बेकायदा तेल उकळण्याच्या भट्ट्याही आहेत. कोणता आजार कशामुळे, हे वेगळे काढणे अवघड जाते. कंपन्यांना ही अडचण नेहमीच सोयीची ठरत आली आहे.

आरोग्यावरचा परिणाम कसा मोजायचा?

गावात दवाखाना नाही, आजारांची नोंद नाही, हवा मोजणारे यंत्र नाही. अशा ठिकाणी पुरावा गोळा कसा होणार? म्हणून ज्या देशात नोंदी चोख असतात, तिथला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ‘ईगल फोर्ड’ नावाचा तेलपट्टा आहे. तिथल्या २३ हजारांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या आणि उपग्रहाने टिपलेल्या ज्योतींशी त्या ताडून पाहिल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की घरापासून पाच किलोमीटरच्या आत गरोदरपणात १० किंवा अधिक वेळा रात्री फ्लेअरिंग झाले होते, अशा स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त होती. हा परिणाम लॅटिन अमेरिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये ठळक दिसला.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला श्वसनाचे, पोषणाचे, पुढे वाढीचेही प्रश्न येऊ शकतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही बालरोगतज्ज्ञाला विचारावे. असा अभ्यास संबंध दाखवतो. प्रत्येक बाळाच्या बाबतीत कारण ज्योतच होते, असे तो म्हणत नाही. पण टेक्सासमध्ये दवाखाने आहेत, विमा आहे, घरांना दारे-खिडक्या घट्ट आहेत. तिथे ही स्थिती असेल, तर ज्योतीपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या घरात राहणाऱ्या गरोदर बाईचे काय, हा विचार केल्यावाचून राहवत नाही.

इराकमधल्या बसरा शहराभोवती जगातली काही सर्वांत मोठी तेलक्षेत्रे आहेत. तिथल्या कायद्यानुसार वस्तीपासून दहा किलोमीटरच्या आत फ्लेअरिंग करता येत नाही. प्रत्यक्षात ज्योती घरांच्या कितीतरी जवळ जळतात, हे बीबीसीच्या २०२२ सालच्या माहितीपटाने जगासमोर आणले. त्यात रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या होऊ पाहणाऱ्या एका तरुणाने आपल्या मोबाइलवर रोजचे आयुष्य चित्रित केले होते. अंगणातून दिसणारी ज्योत, धुराने भरलेले आकाश, आजूबाजूला त्याच आजाराने गेलेली मुले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये तो गेला. एका माणसाचा कर्करोग नेमका कशाने झाला, हे कोणताही डॉक्टर ठामपणे सांगू शकत नाही. पण बेंझिन हवेत सोडू नये, एवढे सांगायला त्याची गरजही नाही.

याच माहितीपटातून आणखी एक गोष्ट बाहेर आली. काही बड्या कंपन्या आपल्या वार्षिक अहवालात ज्या क्षेत्रांच्या त्या कागदोपत्री चालक असतात, तिथलेच फ्लेअरिंग मोजतात. नफ्यात वाटा असलेल्या पण चालक म्हणून दुसऱ्याचे नाव असलेल्या क्षेत्रांतली ज्योत त्यांच्या हिशेबात येत नाही. धूर गावाच्या नाकात जातो, पण वहीत त्याची नोंद होत नाही.

आजारांच्या यादीत सहसा न येणारा एक त्रास म्हणजे उजेड. अंधार पडला की आपल्या मेंदूत मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. अहोरात्र पेटलेल्या ज्योतीशेजारच्या गावात पूर्ण अंधार होतच नाही. नायजर डेल्टात अशी गावे आहेत, जिथे एक अख्खी पिढी काळोखी रात्र न पाहता मोठी झाली. वीज नसलेल्या घरात नारिंगी उजेड मात्र रात्रभर. पक्षी आणि किडेही या उजेडाने फसतात. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडातल्या सेंट जॉन इथे एका द्रवरूप वायूच्या प्रकल्पावरील ज्योतीकडे ओढले जाऊन एका रात्रीत सुमारे साडेसात हजार स्थलांतरित पक्षी मेले होते.

हवामानाचे दुहेरी नुकसान

जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मधल्या फ्लेअरिंगमुळे ३८.९ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत गेले. त्यातला ४.६ कोटी टनांचा वाटा न जळता निसटलेल्या मिथेनचा आहे. वायू जाळण्यामागे एक तर्क सांगितला जातो. मिथेन तसाच सोडण्यापेक्षा जाळलेला बरा, कारण वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता अडवतो. तर्क बरोबर आहे. पण ज्योत खरोखर किती वायू जाळते?

बराच काळ असे धरून चालत, की नीट पेटलेल्या ज्योतीत ९८ टक्के मिथेन जळतो. अमेरिकेतल्या तीन मोठ्या तेलपट्ट्यांवरून विमाने उडवून संशोधकांनी धुराचे प्रत्यक्ष मोजमाप केले. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार खरा आकडा सुमारे ९१ टक्के निघाला. काही ज्योती अर्धवट जळत होत्या. काही तर विझलेल्याच होत्या आणि नळीतून कच्चा वायू सरळ आकाशात जात होता. ९८ आणि ९१ मध्ये फार अंतर नाही, असे वाटेल. पण निसटणाऱ्या वायूच्या बाजूने पाहा: दोन टक्क्यांच्या जागी जवळपास नऊ, म्हणजे चौपटीहून जास्त.

काजळीचेही तसेच. काळे कण पांढऱ्या बर्फावर बसले की बर्फ ऊन परावर्तित करण्याऐवजी शोषून घेतो आणि लवकर वितळतो. आर्क्टिक प्रदेशातल्या जमिनीलगतच्या हवेत वर्षभरात जी काजळी असते, तिच्यातला ४२ टक्के वाटा फ्लेअरिंगचा असावा, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने संगणकीय प्रारूपाच्या आधारे काढला होता. सायबेरियातली ज्योत आणि ध्रुवावरचा बर्फ असे जोडलेले आहेत.

उपग्रहाला दिसते ते सरकारला का दिसत नाही?

पूर्वी किती वायू जाळला, हे कंपन्या आणि सरकारे सांगतील तेवढेच कळायचे. आता पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह रात्री अवरक्त किरणांच्या साह्याने ज्योती टिपतात. वायूची ज्योत वणव्यापेक्षा किंवा शेतातल्या आगीपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, त्यामुळे ती वेगळी ओळखता येते. तिच्या तेजावरून जळणाऱ्या वायूचा अंदाज बांधतात. या मोजणीतून दिसते, की रशिया, इराण, इराक, अमेरिका, व्हेनेझुएला, अल्जीरिया, लिबिया, मेक्सिको आणि नायजेरिया या नऊ देशांत मिळून जगातले तीन चतुर्थांश फ्लेअरिंग होते. जगाच्या तेलात मात्र त्यांचा वाटा निम्म्याहून कमी आहे. म्हणजे तेल काढायचे तर वायू जाळावाच लागतो, असे अजिबात नाही. काही देश तेल काढतात आणि जाळत नाहीत. काही काढतात आणि जाळतात.

नायजेरियाची गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. तिथे १९५६ साली ओलोइबिरी इथे तेल सापडले आणि १९५८ पासून निर्यात सुरू झाली. ज्योतीही तेव्हापासूनच्या. १९७९ साली सरकारने कायदा करून १ जानेवारी १९८४ नंतर परवानगीशिवाय फ्लेअरिंग करायला बंदी घातली. मग परवानग्या दिल्या गेल्या आणि जाळणाऱ्यांना दंड लावला. दंड किती? १९९८ मध्ये तो वाढवून हजार घनफुटांना १० नायरा, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने काही सेंट करण्यात आला. पाइपलाइन टाकण्यापेक्षा दंड भरणे हजार पटींनी परवडत होते. पुढे २००८ ची मुदत आली आणि गेली. २०२० ची आली आणि गेली. आता २०३० ची चर्चा आहे.

लोक गप्प बसले नव्हते. लेखक केन सारो-विवा यांनी ओगोनी समाजाला संघटित करून तेलगळती आणि या ज्योतींविरुद्ध आवाज उठवला. १० नोव्हेंबर १९९५ रोजी तिथल्या लष्करी राजवटीने त्यांना आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी दिली. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २००५ मध्ये इव्हेरेकान या गावाचे जोना ग्बेम्रे यांनी शेल कंपनी आणि सरकारी तेल महामंडळाविरुद्ध केलेल्या खटल्यात बेनिन शहरातल्या संघीय न्यायालयाने निकाल दिला: फ्लेअरिंगमुळे जगण्याच्या आणि सन्मानाने राहण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होतो, ते थांबवा. हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न त्या न्यायालयाने थेट जगण्याच्या हक्काशी जोडला. निकाल ऐतिहासिक होता, पण अंमलबजावणी झाली नाही. गावातली ज्योत निकालानंतरही जळत राहिली.

काहीच बदलले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९९ पासून बोनी बेटावरच्या प्रकल्पातून वायू द्रवरूप करून जहाजांनी निर्यात होऊ लागला. २०१८ च्या नियमांनी मोठ्या उत्पादकांसाठी दंड हजार घनफुटांना दोन डॉलर केला. शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत नायजेरियातले फ्लेअरिंग निम्म्याहून कमी झाले आहे, अर्थात त्यामागे घटलेले तेल उत्पादनही आहे. पण एक विसंगती अजून तशीच आहे. ज्या देशात सुमारे साडेआठ कोटी लोकांच्या घरी वीज नाही आणि बहुसंख्य चुली लाकडावर-कोळशावर पेटतात, तिथे वीज आणि स्वयंपाकाचा वायू गावाच्या डोक्यावर जळतो आहे.

विझवता येते, विझवली गेली आहे

नॉर्वेला उत्तर समुद्रात तेल सापडले, तेव्हाच तिथल्या संसदेने १९७१ साली तत्त्व ठरवले: वापरता येण्याजोगा वायू जाळायचा नाही, चाचणीच्या थोड्या काळापुरती सूट. वायूचे काय करणार हे आधी सांगा, मग तेल काढा, असा क्रम लावला. वायू विकता येत नसेल तर तो परत जमिनीत दाबून भरायचा. त्याने आतला दाब टिकतो आणि उलट जास्त तेल वर येते. १९९१ पासून जाळलेल्या वायूवर कार्बन कर बसला. कझाकस्तानने वेगळ्या वाटेने, कडक दंड लावून २०१२ नंतर आपले फ्लेअरिंग साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आणले.

आणि मुंबई हाय? मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली तेल सापडले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. सुरुवातीला तेल जहाजांनी आणले जाई आणि सोबतचा वायू समुद्रातच जाळला जाई. १९७८ मध्ये उरणपर्यंत पाइपलाइन झाली, तरी तेलाचे उत्पादन ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने वायू वापरणारे प्रकल्प उभे राहिले नाहीत. १९८० च्या दशकातही मोठा वाटा जळत राहिला. मग एकेक करून गिऱ्हाइके तयार झाली: उरणचे वायूवर चालणारे वीज केंद्र, ट्रॉम्बे आणि थळचे खत कारखाने, हजिऱ्याहून उत्तरेकडे जाणारी मोठी वाहिनी. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक बँकेने या फ्लेअरिंग कपातीसाठी वेगळे कर्जही दिले. आज मुंबई-ठाण्याच्या अनेक स्वयंपाकघरांत पाइपने येणाऱ्या वायूत, रिक्षा-टॅक्सीच्या सीएनजीत, याच समुद्रातल्या विहिरींचा वाटा आहे. एके काळी अरबी समुद्रावर जळून जाणारा वायू आता आपला चहा उकळतो.

यात कुठेही नवे विज्ञान लागले नाही. कॉम्प्रेसर, पाइप, वायू जमिनीत परत भरणारे पंप, छोटी वीजनिर्मिती यंत्रे हे सगळे कित्येक दशके उपलब्ध आहे. फरक पडतो तो जाळणे महाग आहे की स्वस्त, यावर. जाळणाऱ्याला खर्च येतो तिथे ज्योत विझते. खर्च शेजारच्या गावावर टाकता येतो तिथे ती जळत राहते. २०१५ मध्ये जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांनी ‘२०३० पर्यंत नेहमीचे फ्लेअरिंग शून्य’ अशी हाक दिली. अनेक सरकारांनी आणि कंपन्यांनी सह्या केल्या. त्यानंतरच्या नऊ वर्षांनी जगाचा आकडा १५१ अब्ज घनमीटरवर पोचला आहे. सह्या ऐच्छिक होत्या, हे त्याचे साधे कारण.

सर्वसामान्य वाचकाने यात काय करायचे? तेलक्षेत्रापासून आपण दूर असलो तरी शुद्धीकरण कारखाने आणि रसायन प्रकल्पांच्या शेजारी महाराष्ट्रातही लाखो लोक राहतात. धुराड्यावरची ज्योत बराच वेळ काळा धूर सोडत असेल, किंवा नेहमीपेक्षा फार मोठी होऊन तासन् तास तशीच राहिली, तर ज्वलन नीट होत नाही किंवा आत बिघाड आहे, असे समजावे. वेळ, तारीख आणि छायाचित्रासह प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार नोंदवावी. धूर दिसत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असेही नाही. अशा वेळी दम्याचे रुग्ण, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार असलेल्यांनी घराबाहेरचे श्रम टाळावेत. नोंद महत्त्वाची, कारण ज्या त्रासाची नोंद नसते तो त्रास झालाच नाही, असे पुढे सांगितले जाते.

उघेलीजवळच्या त्या बायकांकडे परत जाऊ. उद्या त्यांच्या गावची ज्योत विझली, तर हवा सुधारेल, रात्र परत येईल. पण गारी वाळवायची जागाही जाईल आणि हातातोंडाशी गाठ असलेल्या घरात तो फटका मोठा असेल. म्हणून ज्योत विझवून नळी दुसऱ्या देशाकडे वळवणे एवढ्याने त्यांचा प्रश्न सुटत नाही. त्याच वायूची एक बारीक नळी गावात आली, तिच्यावर एखादे वाळवणयंत्र चालले, चार दिवे लागले, दवाखान्यातला फ्रिज चालू राहिला, तर तो वायू पहिल्यांदा त्यांच्या कामी येईल. तोवर त्या भडक्याकडे पाठ करून चकत्या उलटत राहतील. पुढच्या वेळी घरात साबुदाणा भिजत घालताना शेगडीची निळी ज्योत एकदा निरखून पाहा. त्यांच्या गावावर जळणारा वायूही मुळात हाच आहे.